निळसर बाटली

मोबाइलची बॅटरी बंद कर, सार्थक. लाइट गेलीय तर जाऊ दे. गच्चीवर वारा आहे, आणि ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. अनुष्का, जिन्याकडे पाठ करून बसू नकोस... अगं, गंमत केली. बस.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. रविवार होता. उत्तनजवळच्या पाली गावचा धर्मा रात्री स्कूटर काढून डिझेल आणायला निघाला. त्याचा पुतण्या जितेश पहाटे बोट घेऊन जाणार होता आणि त्याला जाळ्याच्या कामातून सवड नव्हती. धर्मा म्हणाला, मी आणतो. खरं सांगायचं तर त्याला घरात बसवत नव्हतं. दुपारी मुलाच्या नावाने पान वाढून छपरावर ठेवलं होतं. कावळे शेजारच्या पत्र्यावर बसून ओरडत राहिले, पानाला एकही शिवला नाही. बायको, शकूवहिनी, संध्याकाळपर्यंत अंगणात मान वर करून उभी होती.

हा धर्मा मला नवा नाही. आम्ही विमानं ठेवायच्या एकाच हँगरमध्ये नोकरी केली. मी वॉचमन, तो हेल्पर. विमानं छोटी, चार माणसांत भरणारी. त्यांचं पेट्रोल निळं असतं, ओळखू यावं म्हणून रंग घालतात. टाकीत पाणी शिरलं की इंजिन बंद पडतं. स्कूटर बंद पडली तर ढकलता येते, विमान आभाळात कोण ढकलणार? म्हणून उड्डाणाआधी पंखाखालची खुंटी दाबायची, टाकीच्या तळाचं पेट्रोल बाटलीत घ्यायचं आणि बाटली उजेडात धरायची. पाणी जड, ते खाली बसतं. वर निळं, खाली पांढरं, मध्ये रेष. रेष दिसली तर ती जाईपर्यंत काढत राहायचं. 'रेष न्हाय म्हंजे साफ,' हे धर्माचं रोजचं वाक्य.

बाकीचे हेल्पर बाटली जुनी झाली की फेकून नवी घ्यायचे. धर्मा कोळ्याचा. ज्यावर पोट भरतं ते टाकायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. खंडेनवमीला घरी त्या प्लॅस्टिकच्या बाटलीची पूजा व्हायची. शकूवहिनी तिला कुंकवाचं बोट लावायच्या. वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन बाटलीच निळसर झाली होती. आम्ही चिडवायचो, "धर्मा, तुझी बाटली रिकामी असली तरी भरलेली दिसते रे!" तोही हसायचा. आम्ही सगळेच हसायचो.

त्याचा प्रणित मोठा झाला आणि घाटावरच्या एका धावपट्टीवर हेल्पर म्हणून लागला. धर्माने त्याच्या हातात काय दिलं असेल? तीच बाटली. तिकडे नवी मिळाली होती, पण पोरगं बापाचीच वापरायचं. त्या अमावस्येच्या आदल्या वर्षी खंडेनवमीला घरी आला, आईकडून बाटलीला कुंकू लावून घेतलं, दसरा करून परत गेला. त्या रात्री तिकडे परतीचा पाऊस कोसळला आणि विमान उघड्यावर भिजत राहिलं. सकाळी पायलट दिपेश, आपल्या मीरा रोडचाच मुलगा, प्रणितला म्हणाला, चल, तूही एक फेरी मारून ये. झाडांच्या वर गेले असतील नसतील, इंजिन बंद पडलं. विमान पडलं आणि पेटलं. दोन्ही पोरं गेली. बाटलीही त्यातच जळाली.

टाकीत पाणी होतं, असं चौकशीत निघालं. मग लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? हेल्परने बघितलंच नसेल, झोपेत असेल, मोबाइलवर असेल. धर्मा दिपेशच्या आईला, सुगंधाबाईंना भेटायला गेला. त्या बिचारीने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या मुलाने टाकी बघितली होती का हो?"

धर्माला 'हो' म्हणता आलं नाही. पोटच्या पोराविषयी शंका येणं, यासारखं दुःख नाही. शकूवहिनी म्हणायच्या, "आपला प्रणित असा न्हाय." आणि हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पोर गेलं त्याने तो अर्धा मेला होता, त्या प्रश्नाने उरलेला मरत होता.

तर त्या अमावस्येला पंपावरून कॅन भरून धर्मा उत्तनकडून परत येत होता. रस्ता रिकामा होता. पालीच्या वळणाच्या अलीकडे स्कूटरने आचके दिले आणि बंद पडली.

त्याने किक मारली. पुन्हा मारली. काही नाही.

ते आचके त्याच्या ओळखीचे होते. पेट्रोलमध्ये पाणी आलं की इंजिन असंच आचके देतं.

समुद्राचा आवाज येत होता. मग तोही येईना. कुत्रं नाही. वारा नाही.

आणि मागून आवाज आला. चुळ्ळ... चुळ्ळ...

पातळ धार बाटलीत पडतानाचा. धर्माने तो आवाज जन्मभर ऐकलेला.

स्कूटरच्या मागे कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ इकडे. अंगावर हँगरमधला ढगळ डगला. जळकट वास...

"कोन हाय?"

धार पडतच राहिली.

"कोन... हाय?"

"बाबा."

आवाज त्याच्या पोराचा होता. दमलेला. लांबून चालत आल्यासारखा.

"बाबा, जरा बघा ना."

एक हात पुढे आला. हातात बाटली. तिच्यावर कुंकवाचं बोट. धर्माने मोबाइलचा उजेड धरला, बाटलीवरच धरला. तोंडावर धरायची त्याची छाती झाली नाही.

"रेष हाय का, बाबा?"

बाटली काठोकाठ भरलेली. निळी. वरपासून खालपर्यंत निळी...

"न्हाय, बाला."

"वास?"

"हाय. पेट्रोलचा हाय."

"मग?"

धर्माच्या तोंडून ते आपसूक निघालं. जन्माची सवय. "साफ हाय."



मग अगदी हळू... "मी पण हेच बोललो, बाबा."

उजेड हलला. समोर कुणी नव्हतं. बाटली धर्माच्या हातात होती, गार.

त्याने ती तळहातावर ओतली.

पाणी. पांढरं, स्वच्छ पाणी. एक थेंब निळा नाही.

कळलं ना, पोरांनो? तळाला पाणी इतकं साचलं होतं की बाटलीत नुसतं पाणीच आलं. पेट्रोलच नाही, तर रेष कुठून दिसणार? दुसऱ्या कुठल्याही बाटलीत ते पांढरं दिसलं असतं. बापाच्या बाटलीत निळं दिसलं. वासही बाटलीचाच होता. पोराने बघितलं होतं. नीट, उजेडात धरून, बापाने शिकवलं तसंच बघितलं होतं.

धर्मा तिथेच रस्त्यात बसला आणि लहान मुलासारखा रडला. स्कूटर ढकलत घरी आला, बाटली ओट्यावर ठेवली. शकूवहिनी दारात आल्या. त्यांनी कुंकवाचं बोट पाहिलं. आपलं बोट आपण ओळखतोच. त्या किंचाळल्या नाहीत. बाटलीशेजारी बसल्या आणि रात्रभर पदराने तिला पुसत राहिल्या, ताप आलेल्या पोराचं अंग पुसतात तसं. पहाटे त्यांचा डोळा लागला. उठल्या तेव्हा बाटली नव्हती.

धर्मा सकाळीच मीरा रोडला गेला. सुगंधाबाईंनी दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बाई, त्याने बघितलं होतं. बाटली माझी होती."

त्या म्हणाल्या, "बघितलं होतं ना?" आणि दाराची चौकट धरून खाली बसल्या. बाहेर हा, आत त्या. कुणी कुणाचं सांत्वन करायचं? हे मला धर्माने स्वतः सांगितलं, माझा हात धरून.

भास असेल म्हणतोस, सार्थक? असू दे, मीही तेच म्हणालो होतो. पण पालीला धर्माच्या ओट्यावर, बाटली ठेवली होती तिथे एक गोल उमटलाय, बाटलीच्या बुडाएवढा. शकूवहिनी तो पुसत नाहीत, पुसून जातही नाही. पाऊस पडला की सगळ्या ओट्यावरचं पाणी वाहून जातं, त्या गोलातलं तेवढं राहतं. निळं दिसतं.

ओंजळीत घ्या... साधं पाणी.

मी घेऊन बघितलंय.