दुसऱ्या मजल्यावरचा हात

शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी घरी आले, तेव्हा नाना घोरत होते. पण जरा जास्तच मन लावून घोरत होते. गॅलरीच्या कठड्यावरून टोपलीची दोरी लोंबत होती आणि टोपलीला बांधलेलं घुंगरू खाली कुठेतरी किणकिणत होतं.

मुलुंडला आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, आणि बरोब्बर खाली, तळाला श्यामसुंदर फरसाणवाला. त्याच्या बालुशाहीशी माझं हाडवैर होतं. नानांना मधुमेह, पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. ‘साखर सुटली नाही तर अंगठा काढावा लागेल,’ डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आई केव्हाच गेली होती, तेव्हा वडलांवरचा पहारा माझ्याकडे. साखरेचा डबा मी घासून पालथा घातला होता आणि नानांच्या जोडीने स्वतःही फिका चहा पीत होते. आणि हे असे उद्योग!

मी तावातावाने दोरी ओढायला लागले. मध्येच ती अडली. वाकून बघते तर — दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक हात बाहेर आलेला. श्रावणातली भुरभुर त्या हातावर पडत होती. हाताने टोपलीतली पुडी अलगद उचलली, तिच्या जागी दोन काकड्या ठेवल्या आणि टोपली वर सोडून दिली.

“ओ मिस्टर!”

हातामागून चेहरा आला. वर बघून हसला. एक डोळा मिटला तो पापणीवर थेंब पडला म्हणून, की मुद्दाम... ते मला अजून कळलेलं नाही.

“आज दोरीला फार जोर आहे. नाना हळू ओढतात.”

“म्हणजे हे नेहमीचंच आहे?”

“माझी फर्स्ट शिफ्ट असली की.”

“आणि नाना गप्प बसतात?”

“सांगणार कोणाला? तुम्हाला?”

मला हसूच फुटलं. खरंच की! चोरून मागवलेली मिठाई चोरीला गेली, तर ओरडायचं कुठल्या तोंडाने? आतलं घोरणं एकदम थांबलं होतं.

त्याचं नाव विद्याधर. मालवणकडचा. तो आणि त्याची आई, नुकतेच राहायला आले होते. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम गॅलरीत उभी राहिले आणि विचारलं, “का करता हे?”

“माझ्या बाबांनाही होता मधुमेह. गुपचूप लाडू खायचे. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो. म्हटलं, खाऊ देत बिचारे... त्यातच गेले ते.”

मी दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्याच क्षणी तो मला आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

मग शनिवार आमचे झाले. वरून मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी जायची, खालून त्याच्या आईची नाचणीची आंबील यायची. ‘अहो-जाहो’ कधी गळून पडलं, कळलंही नाही. नाना कुरकुरायचे, “पालापाचोळा घालताय, मी काय गाय आहे?” पण ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे. दसऱ्याला जखम भरली. डॉक्टर म्हणाले, “छान! आता असंच चालू ठेवा.” त्या दिवशी मी देवापुढे बसून रडले.

नानांचं घुंगरू मात्र अधूनमधून वाजायचंच.

“विद्याधर, तुझा शर्ट आटला का रे?” एका शनिवारी मी वरून विचारलं.

“नाही. का?”

“मग पोटावरचं बटण असं का ताणलंय? ...ए, खरं सांग. नानांच्या बालुशाह्यांचं तू काय करतोस?”

खाली तो बटण चाचपायला लागला.

“टाकवत नाही गं...”

“सगळ्या खाल्ल्यास?”

“आईला द्यायचो ना एखादी!”

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “वाट लागेल तुझी! उद्यापासून तुझीही साखर बंद.”

“तू लक्ष ठेवणार असशील तर बंद,” तो वर बघत म्हणाला. हसत नव्हता. “जन्मभर बंद, जयंती.”

दोरी माझ्या हातून निसटली. टोपली धाडकन खाली गेली, ती त्याने वरच्या वर झेलली.

“मला नाही जमायचं,” मी कसंबसं म्हटलं. “मी सासरी गेले की नाना... पुन्हा जखम झाली तर?”

“सासर कुठे आहे गं? एक जिना उतरायचा!”

मी काही बोलणार, तेवढ्यात मला बाजूला सारून नाना कठड्यावरून वाकले.

“ए बालुशाहीचोरा! वर ये.”

तो धापा टाकत वर आला. नाना आपल्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

“माझ्यापायी पोरगी अडून बसली, आणि मला पत्ता नाही,” ते म्हणाले. “हा अंगठा तुमच्या दोघांमुळे वाचला. माझ्या जिभेवर माझाच भरवसा नाही रे. लग्नाला माझी हरकत नाही. पण जावई झालास म्हणून भीड धरायची नाही. टोपली अडवायची. मी शिव्या घातल्या तरी.”

“अडवीन,” विद्याधर म्हणाला आणि वाकून पाया पडला. त्या अंगठ्याला धक्का लागू नये म्हणून किती जपून पडला!

लग्नात श्यामसुंदरने अख्ख्या बिल्डिंगला बालुशाही वाटली. आम्ही तिघांनी दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर खाल्ली. विद्याधरने माझ्या तोंडात पहिला घास घातला.

आता शनिवारी दुपारी घुंगरू वाजलं की मी विद्याधरला आतच थांबवते. त्याच्या जिभेचाही काय भरवसा? दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मीच हात बाहेर काढते.

“कोण आहे?” वरून करडा आवाज येतो.

“मी आहे, नाना.”

दोरी हळूच हलते.

“मग काकडी कोवळी बघून ठेव.”