पाचवं नाव

छत्री विसरली म्हणून आसावरी परत वर्गात आली, तर तिथे दुसराच तास सुरू झालेला. शनिवारी लंडनच्या हॅरो भागातल्या त्या शाळेच्या खोल्या भाषावर्गांना भाड्याने मिळत. दहा ते बारा ती तिथे मराठी शिकवायची. आता फळ्याजवळ पावसात भिजलेला एक उंच तरुण उभा होता आणि समोर चार मुलं होती.

"बसा ना," तो इंग्रजीत म्हणाला.

"मी छत्री न्यायला आलेय."

"पाच नावं असली तरच खोली मिळते. माझ्याकडे चारच आहेत." तो थांबला. "छत्री माझ्याकडे आहे."

"ही धमकी आहे का?"

"विनंती आहे. छत्री ओलीस आहे, एवढंच."

तिला हसू आलं. हजेरीपटावर तिने पाचवं नाव लिहिलं.

त्याचं नाव बोयेन. ताइवानमधल्या ताइनानचा, वॉटफर्डच्या एका कंपनीत नोकरीला. तो ताइवानी शिकवायचा. सरकारी चिनी वेगळी आणि ही घरात बोलायची भाषा वेगळी. चिनीची जीसीएसई, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा असते म्हणून पालक मुलांना तिकडे पाठवत. हिची परीक्षाच नव्हती.

"मराठीचीही नाही," आसावरी म्हणाली. "माझ्या वर्गात येतात ती आजीच्या धाकाने."

"मग आपण दोघंही नापास."

तास संपला की मुलं ओरडत, 'पांग-ओ-आ'. शाळा सुटली. आसावरी पहिलं वाक्य शिकली ते हेच. मग दोघं एका छत्रीतून स्टेशनपर्यंत चालत. छत्री लहान होती... मोठी घ्यायचं दोघांनीही मनावर घेतलं नाही.

"चौथा धडा झाला का?" तो विचारायचा.

"झाला. 'घरी का आला नाहीस?' पाठ आहे. पण तुमच्या पुस्तकात प्रेमाचं एकही वाक्य नाही."

"आमच्याकडे ते बोलत नाहीत. फळं कापून समोर ठेवतात."

पुढच्या शनिवारी त्याने डब्यात पेरू कापून आणला. एक शब्दही न बोलता तिच्यापुढे ठेवला. तिनेही न बोलता खाल्ला. सगळा.

मार्चमध्ये त्याने आईबद्दल सांगितलं. तिच्या लहानपणी शाळेत फक्त चिनी चालायची; ताइवानी बोलली म्हणून तिच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकवली होती. दिवसभर ती पाटी घालून ती वर्गात बसली. पुढे मुलगा झाल्यावर ती त्याच्याशी या भाषेत एक अक्षर बोलली नाही. त्याच्या वेळेला शाळेत आठवड्यातून एक तास ताइवानी आली, पण त्या तासाला गणिताच्या चाचण्या व्हायच्या. तो ही भाषा सव्विसाव्या वर्षी शिकला, पुस्तकातून. तोवर आईची स्मृती जायला लागली होती. चिनी पुसली गेली. उरली ती ताइवानीच.

"मग आता बोलता येत असेल की तिच्याशी."

"बघ तूच."

त्याने वर्गातूनच व्हिडिओ कॉल लावला. मुलं गेली होती. पडद्यावर एक बारीकशी बाई आली. बोयेन बोलायला लागला तसा तिने छातीवर, पाटी असायची तिथे, हात घट्ट दाबून धरला. "हळू बोल," ती कुजबुजली. "मास्तर येतील." कोणी येत नाही, असं तो परत परत सांगत राहिला. तिला ते पटेना. शेवटी रडत तिने तोंड फिरवलं.

"मी तिची भाषा शिकलो," तो म्हणाला, "आणि आता ती मलाच भिते. बहीण म्हणते, परत ये. कशाला जाऊ? तिला घाबरवायला?" तो आसावरीकडे बघत राहिला. "इथेच राहीन म्हणतो. तुझ्याजवळ."

आसावरीला आनंद झाला. एका म्हाताऱ्या बाईच्या भीतीवर आपलं सुख उभं आहे, हेही त्याच क्षणी कळलं. पुढचे तीन शनिवार तिला पेरू गेला नाही.

चौथ्या शनिवारी तो आईशी बोलत असताना ती मधेच पडद्यासमोर आली. आई छाती झाकून बसली होती. आसावरी मोकळ्या आवाजात म्हणाली, "पांग-ओ-आ."

आई बघत राहिली. मग हात हळूहळू खाली आला. ती हसली, शाळेतून सुटलेली मुलगी हसते तशी. आणि बोयेनला तिने विचारलं, अगदी सहज... "मग तू घरी का आला नाहीस?"

भाषांतराची गरज नव्हती. चौथा धडा.

कॉल संपला. दोघं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसले.

"हे का केलंस?"

"तिची भीती जावी म्हणून."

"मला जावं लागेल आता."

"माहितेय."

तो ताइवानीत काहीतरी बोलला. पुस्तकात नसलेलं, इतकं हळू की शेवटचा शब्द विरूनच गेला.

"मोठ्याने म्हण," आसावरी म्हणाली. "शाळा सुटलीय."

त्याने मोठ्याने म्हटलं. रिकाम्या वर्गात ते चांगलं घुमलं.

एप्रिलमध्ये तो गेला. शिकवायला कोणी नाही म्हणून वर्ग बंद झाला, खोली दुसऱ्या कोणाला दिली. हजेरीपट तेवढा आसावरीकडे राहिला. त्याच्या आईला काल सांगितलेलं आज आठवत नाही. रोज सकाळी हात छातीवर जातो आणि रोज तिला शाळा सुटल्याचं नव्याने सांगावं लागतं. संध्याकाळी त्याचा मेसेज येतो. आज चारदा. आज सहादा.

असं किती वर्षं, हे तिने अजून विचारलेलं नाही. ताइवानीत ते कसं विचारायचं, हे तिला येत नाही म्हणून नव्हे.