सुलाबाईचं सूप

बेळगावच्या बँकेचा नंबर शोधून वकिलानं फोन केला, तेव्हा सुविधा काउंटरवर होती. तिची आई सुलाबाई जाऊन महिना झाला होता आणि निपाणीतली आपली एक खोली तिनं लेकीच्या नावानं ठेवली होती. पुण्यानुमोदनाच्या विधीलाही न गेलेल्या लेकीच्या नावानं. सुविधाला खोली नको होती. विकून टाकावी आणि निपाणीचं नावच सोडावं, एवढंच मनात धरून ती शनिवारी सुट्टी बघून बसनं गेली.

बावीस वर्षांपूर्वी ती कॉलेजसाठी बेळगावला निघाली, तेव्हा आईनं विचारलं होतं, "तू गेल्यावर माझ्या बिड्यांची तोंडं कोण दुमडायचं गं?" आई बिड्या वळायची आणि जर्दा सांडू नये म्हणून लेक नखानं त्यांची तोंडं आत दुमडायची, सहाव्या वर्षापासून. सुविधा फटकन म्हणाली होती, "उघडीच राहू देत." त्यानंतर मायलेकी एकमेकींच्या शब्दाला महाग झाल्या. हट्टाच्या बाबतीत एक झाकावी आणि दुसरी काढावी, तर दोष कुणाला द्यायचा?

शेजारच्या मनुबाईनं किल्ली दिली, पण देताना घोटाळली. "आत सूप हाय बग. त्येला..."

"सूप मला नका शिकवू, मावशी. त्यातच वाढलेय मी."



भर दुपारचे दोन वाजले होते. दार ढकलताच जर्द्याच्या वासानं सुविधाला शिंक आली. महिनाभर बंद खोलीत वास राहणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली चटईवर सूप. सुपात कट्टाभर, वीस-पंचवीस बिड्या वळून पडल्या होत्या, सगळ्यांची तोंडं उघडी. शेजारी फडक्यात गुंडाळलेला बिडीचा पाला होता. तिनं सहज फडक्याला हात लावला. ते ओलं होतं... नुकतंच भिजवल्यासारखं.

भुताखेतांना त्यांच्या घरात कधी थारा नव्हता. मेलं ते मेलं, असं आईच सांगायची. सुविधा घराचे कागद काढायला ट्रंकेकडे वळली आणि पाठीमागे आवाज झाला. कच्... कच्... पाला कापायची कात्री. लहानपणी याच आवाजावर तिला झोप लागायची. आता अंगावर काटा आला. तिनं वळून पाहिलं, तर कात्री सुपाच्या कडेला मिटून पडलेली. पुन्हा पाठ फिरवली, की पुन्हा... कच्... कच्...

"आई..." तिच्या तोंडून निघून गेलं.

पळायचं सोडून ती चटईवर बसली. का बसली, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. भीती होतीच, पण बावीस वर्षांपूर्वीचा तो एक शब्द भीतीहूनही जड होता. तिनं एक बिडी उचलली आणि नखानं तोंड दुमडलं. बोटं काही विसरली नव्हती. एकेक बिडी मिटत गेली, तसा कात्रीचा आवाज मंदावत गेला आणि शेवटच्या बिडीला थांबला. सुविधाला रडू कोसळलं. "झालं, आई. फिटलं माझं," ती म्हणाली. मग कागद घेऊन, कुलूप लावून बाहेर आली.

मनुबाईनं तिची काळवंडलेली बोटं पाहिली. "तोंडं दुमडलीस व्हय?"

"सगळी."

म्हातारी ओट्यावर मटकन बसली. "येक तरी उघडी ठिवायची हुतीस... सूप तसंच ऱ्हाऊ दे म्हणून सांगून गेलती सुलाबाई. अर्धं काम टाकून ती कुटं जायची न्हाय गं. म्हणायची, काम हाय तवर हितंच बसतो मी. संपलं की..."

"संपलं की काय, मावशी?"

"संपलं की लेकीकडं जातो ऱ्हायाला."

बेळगावची बस लागलेलीच होती. सुविधा जवळजवळ धावतच चढली आणि खिडकीशी बसली. बस खचाखच भरली, माणसं दांडीला लोंबकळत उभी राहिली, तरी तिच्या शेजारची जागा कुणी घेतली नाही. कंडक्टर आला. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट फुकट, फक्त आधार कार्ड दाखवायचं.

"आधार तोरस्री, आक्का."

तिनं कार्ड पुढं केलं. त्यानं शून्य रुपयांची दोन तिकिटं फाडून तिच्या हातात दिली.

"एकच द्या... मी एकटीच आहे."

कंडक्टरनं शेजारच्या जागेकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "आज्जींनी दाखवलं की आधार मगाशीच. खासबागला लेकीकडं चाललोय म्हणल्या."

आपल्या खासबागच्या घराचा पत्ता सुविधानं निपाणीत कधीच कुणाला दिला नव्हता.