चटणीतली वेलांटी

"ही १.३ आहे ना?"

दुकानात आल्या आल्या गिऱ्हाईक भाव विचारतं, तिखट किती ते विचारतं. हा माणूस शेंगा चटणीचं पाकीट डोळ्यांपाशी धरून नुसतं लेबल बघत उभा होता. आत आई मिरची कुटत होती, त्या खकाण्यानं त्याला ठसका लागलेला, चष्म्यावर बाहेरच्या पावसाची भुरभुर तशीच... तरी नजर लेबलावरच!

"पाव किलो आहे," मी म्हटलं. "१.३ बिर काही नाही. घ्यायची तर घ्या."

"वजन नाही हो, आवृत्ती." तो आणखी जवळ आला. "हे बघा, 'चटणी'. ण आणि वेलांटीच्या मधे फट आहे. केसाएवढी. 'ठसा'च्या १.३ मध्येच अशी यायची. १.४ मध्ये ती गेली, पण तिच्यावर जुने प्रिंटर चालेनासे झाले. म्हणजे तुमच्याकडे जुना प्रिंटर आहे. काळा, डाव्या बाजूला झाकण असलेला..."

मी गारच पडले. तो प्रिंटर आत, पडद्यामागे होता.

'ठसा' हे नाव सोलापूरच्या या शुक्रवार पेठेत कुणा गिऱ्हाइकाच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. बिलाच्या छोट्या प्रिंटरवर मराठी अक्षरं छापणारी ती एक ओपन सोर्स लायब्ररी, तयार प्रोग्रामचा संच. म्हणजे फुकट आणि उघडी. ज्याला हवी त्यानं घ्यावी, ज्याला जमेल त्यानं सुधारावी. चार वर्षांपूर्वी मी सेकंडहँड प्रिंटर आणला, तेव्हा तीन दिवस त्यातून नुसता कोरा कागद येत होता. आई म्हणाली, फेकून दे ते खोकं. मी रडायच्या बेतात होते आणि 'ठसा'च्या माहितीपानावर एक ओळ दिसली. 'घाबरू नका. कागद उलटा घातला असेल. माझाही उलटाच होता.'

मी एकटीच हसले होते. कागद खरंच उलटा होता! त्याच पानावर पुढं लिहिलं होतं, आता पहिल्यांदा 'या की!' छापून बघा. सगळीकडे पहिल्यांदा 'नमस्कार' छापायला सांगतात. 'या की' म्हणणारा हा कोण, आपल्या सोलापूरकडचाच असणार, असं मनात येऊन गेलं. पानावर नाव नव्हतं. पण गेली चार वर्षं काही अडलं की मी त्याचीच पानं उघडत होते, आणि कधी कधी... जाऊ दे, खरंच सांगते, काही अडलं नसतानाही उघडत होते.

"ते 'घाबरू नका'चं पान," मी विचारलं, "कुणी लिहिलंय, माहितीये तुम्हाला?"

त्यानं चष्मा पुसला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मिरचीनं असेल.

"मीच की."

त्या 'की'नं मी विरघळलेच! नाव अवधूत. घर मोहोळला, वडील तिथं शिक्षक, नोकरी पुण्यात. सुट्टीला आला होता, मित्रांसाठी चटणी न्यायची म्हणून पेठेत शिरला होता. मी बघतच राहिले. म्हणजे त्या वाक्यांना हात होते, ठसका लागणारा गळा होता...

"तुम्ही वाचता ती पानं?" त्यानं विचारलं.

"पाठ आहेत."

त्याचा चेहरा पडला. "मग तुम्हाला सांगायलाच हवं. येत्या एकतीस तारखेला ती आम्ही काढून टाकतोय. मीच सुचवलं तसं."

मी त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "चटणी संपली."

"अहो, तुमच्या हातात आहे की!"

"विकायची नाही."

बिचारा अजिजीनं समजावत राहिला. पाच आवृत्त्या, प्रत्येकीची वेगळी पानं, आणि सांभाळणारा हा एकटा. नवे लोक शोधता शोधता जुन्या पानावर येतात, तिथलं वाचून नव्या प्रिंटरला नको त्या आज्ञा देतात आणि मग यालाच शिव्या घालतात. जुनी आवृत्ती कुणी वापरत असेल असं वाटलंच नव्हतं.

"वाटलं नाही, का विचारलं नाही?"

"विचारलं होतं. साइटवर महिनाभर इंग्रजीत..."

"चटणीवाले तिथं कशाला येतील? उद्या आमचा कॉम्प्युटर बसला, तर पुन्हा सगळं लावायचं कुणाला विचारून? माझ्यासारखे कितीतरी आहेत इथं."

"किती? दहा जण दाखवा. मी माघार घेतो."

"दहाच ना? या की पुढच्या रविवारी!"

आणि आला की हो.

माझ्या स्कूटीवर मागं बसला, दोघांच्या मधे त्याची सॅक. रुद्रप्पांच्या अगरबत्तीच्या पुड्यावर 'कस्तुरी', वेलांटी सुटलेली. टॉवेलच्या पाकिटावर 'सोलापुरी', सुटलेली. टेलरच्या कागदावर 'पावती', तीही. प्रत्येक वेलांटी बघून हा लहान मुलासारखा हरखायचा. "यांना तुम्ही बसवून दिलं?" मी सांगितलं, चौघांना दिलं. बाकीच्यांना मी फक्त ओळखते. टेलरमामू तर छाती काढून म्हणाले, "पान देख देखके खुद लगाया मैं, हौ!"

दहा तर अकरा वाजायच्या आतच झाले. चौदाव्यानंतर त्यानं मोजणं सोडलं.

शेवटी काशम्मांच्या कडक भाकरीच्या दुकानात गेलो. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो कोन गं?"

"ते पान यांनी लिहिलंय, काशम्मा."

"ह्यानं? मला वाटलं कुनी म्हातारा मास्तर असंल. ह्यो तर लई कवळा हाय की! बस बाबा. तुज्या कागदावर माजं दुकान चालतंय."

तो बसलाच नाही. प्रिंटरच्या वर भिंतीला एक कागद होता, मीच छापून प्लॅस्टिकमध्ये घालून दिलेला. ज्वारीच्या पिठानं पांढरा झालेला, कोपरे बोटांनी काळे पडलेले. 'घाबरू नका. कागद उलटा घातला असेल...' अवधूत तो वाचत राहिला. आपलंच वाक्य, पण देवासमोर उभं राहावं तसा उभा होता. बाया भाकऱ्या थापत होत्या, थप थप आवाज चालू होता. काशम्मांनी कागदाकडे न बघताच रोल बदलला आणि 'भाकरी' 'भाकरी' 'भाकरी' अशी पट्टी बाहेर यायला लागली.

"शिवलीला..." त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. "हे मी हॉस्टेलच्या खोलीत लिहिलं होतं. बाविसाव्या वर्षी. कुणी वाचेल अशी आशाही नव्हती, आणि इथं..."

तेवढ्यात काशम्मांनी दोघांच्या हातात एकेक भाकरी दिली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पानं राहतील. मी 'ठसा'च्या मंडळींना सांगतो. पण सांभाळणार कोण? लोकांच्या शंका, नव्यांना योग्य वाट दाखवणं... मी एकटा नाही पुरत हो."

"मी सांभाळीन."

"विचार करून सांगा."

"चार वर्षं केलाय."

त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. मी स्कूटीला किक मारली. ती सुरू होईना. मेली नेमकी तेव्हाच!

पानं सांभाळायचा नियम त्यानं फोनवर शिकवला. जुन्या पानातलं वाक्य बदलायचं नाही. ज्याच्याकडे जी आवृत्ती आहे, त्याला तिचंच खरं सांगायचं, तिच्या चुकांसकट. आपलं म्हणणं फक्त वरच्या सूचनेत. मी सूचना लिहिली. 'नवा प्रिंटर असेल तर नव्या आवृत्तीची पानं वाचा, हे वाचून चुकाल. जुना असेल तर हेच पान तुमचं. या की.' त्या तीन ओळींवर आमचं आठ दिवस फोनवर चाललं. शेवटचे चार दिवस तर सूचनेचा विषयही निघाला नाही.

एकतीसला पान जागेवर होतं. वर माझी सूचना, खाली सांभाळणारे म्हणून दोन नावं शेजारी शेजारी, अवधूत आणि शिवलीला. मी फोनवर ते बघत होते, तर दुकानाच्या पायरीवर हा स्वतः उभा!

"चटणी?" मी विचारलं.

"नको. म्हणजे, हवी. पण आधी..." ठसका. आई कुटतच होती. "शिवलीला, पान तर सांभाळतेसच. मला... माझ्याही बऱ्याच जुन्या चुका आहेत, तशाच आहेत अजून... मलाही सांभाळशील?"

हे उत्तर छापूनच द्यायचं होतं. मग पडदा सारला, प्रिंटरपाशी बसले आणि दोन शब्द टाइप केले. पट्टी बाहेर आली.

'हो की'

की-ची वेलांटी सुटलेली, केसाएवढी. नेहमीसारखीच. पण हे असं तुटक त्याच्या हातात द्यायला माझं मन होईना. मी गल्ल्यावरचं पेन उचललं, ती फट जोडली आणि पट्टी त्याच्यापुढं धरली.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले तरी बोललाच, "जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करायची नसते हं."

"नियम पानाला," मी म्हटलं. "मला नाही."

कुटणं थांबलं. आतून आईचा आवाज आला, "शिवलीला, कुणाचं लेबल छापतीस गं?"

"आपलंच की, आई."