बदी म्हणजे वद्य

भूस्मृती केंद्राच्या तळघरात उन्हाळा काय नि हिवाळा काय, सारखाच. वर पुण्यात जानेवारीचं छान ऊन पडलं होतं, पण डॉ. कुमुद पणशीकरांच्या वाट्याला तेरा दिवस दिव्यांचा पांढरा उजेडच आला होता. समोरच्या भिंतीवर अख्ख्या देशाचा नकाशा होता आणि गेल्या हजार वर्षांतला प्रत्येक ज्ञात भूकंप त्यावर एकेका ठिपक्यानं दाखवला होता. कच्छ, कोयना, किल्लारी, आसाम, काश्मीर. आणि हिमालयाच्या पायथ्याशी तर गोवर उठावा तसे ठिपके. कुमुदताईंना आता त्या नकाशाचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर सगळ्याचाच आला होता. निवृत्तीला सात आठवडे उरले होते आणि ते झोपेत काढता आले असते तर त्यांनी काढले असते.

पण झोप कुठली? तेरा दिवसांपूर्वी तराईतलं शारदानगर हादरलं होतं. सहाशे माणसं घरांखाली गेली. उरलेली अडीच लाख आज गावाबाहेर उघड्या माळावर तंबूंत बसून होती, आणि ती बसली होती कुमुदताईंच्या शब्दावर. अजून सतरा दिवस त्यांनी तसंच बसायचं होतं. तराईतली थंडी म्हणजे दिवसाढवळ्या हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसू नयेत असं धुकं. रोज सकाळी तिथून एक आकडा यायचा. काल रात्रीत थंडीनं किती गेले, त्याचा. आजपर्यंत एकशे चार झाले होते, त्यात म्हातारी माणसं आणि तान्ही पोरंच जास्त.

लोकांना बाहेर बसवणारा जो नियम होता, त्याला जगभर ‘पणशीकर नियम’ म्हणत. नियम सांगायला सोपा होता. हिमालयाच्या पायथ्याला, ज्याला शारदा पट्टा म्हणतात तिथे, कृष्णपक्षात मोठा धक्का बसला की बरोबर एका चांद्रमासानं तेवढाच दुसरा बसतो. याला जोडधक्का म्हणायचं. शुक्लपक्षातला धक्का मात्र एकटाच येतो. चारशे वर्षांच्या भूकंपसूचीत अकरा मोठे धक्के होते. त्यातले सहा कृष्णपक्षातले, आणि सहाच्या सहांना जोडीदार होता. एवढं नेमकं काही भूकंपशास्त्रात कधी कोणाला सापडलं नव्हतं. चंद्र वाढतोय की घटतोय यानं खडकाला काय फरक पडतो, असं एका जपानी बाईंनी एकदा भर परिषदेत विचारलं होतं. त्यांना बारा समीकरणांचं उत्तर दिलं गेलं, आणि त्या गप्प बसल्या. भूकंपमापक यंत्रं आल्यापासून शारदानगरच्या आधी या पट्ट्यात दोनच मोठे धक्के बसले होते, दोन्ही शुक्लपक्षातले आणि दोन्ही एकटे. नियम तिथेही बसला.

कुमुदताईंचा जन्म किल्लारीच्या साली औशाजवळ झालेला. त्यांची आई त्यानंतर दोन वर्षं छताखाली झोपली नव्हती. अंगणात बाज टाकून, लेकीला पोटाशी घेऊन ती पडायची आणि दर पहाटे विचारायची, आता परत कधी? त्या प्रश्नाला तारखेनिशी उत्तर द्यावं, एवढ्यासाठीच ताई या शास्त्रात आल्या होत्या. आणि त्यांनी ते दिलं होतं, असं सगळ्यांसारखं त्यांनाही वाटत होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला सत्यव्रत ओझा जिना उतरून खाली आले. ओझा मूळचे काशीकडचे, पुण्यात एकोणीस वर्षं काढलेले. ते खडकांचे जाणकार, जुन्या कागदांशी त्यांचा संबंध नाही. उपग्रहांवरून पट्ट्यातला प्रस्तरताण मोजायचा, म्हणजे जमीन किती आवळली जातेय ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यांची धाकटी बहीण विमला शारदानगरच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि सध्या तंबूंच्या वसाहतीत ध्वनिक्षेपकावरून सरकारी सूचना वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

ओझांनी खुर्ची ओढली आणि जरा संकोचानं म्हणाले, "ताई, विमला विचारतेय, आपल्या पत्रकात चूक आहे का? आपण लिहिलंय, दुसरा धक्का माघ कृष्ण चतुर्थीला. ती म्हणते, माघ कृष्ण चतुर्थी तर होऊन गेली."

"होऊन कशी जाईल? माघ आत्ता कुठे लागलाय."

"भूकंप झाला त्याच दिवशी होती. सकट चौथ. बायका चंद्राची वाट बघत अंगणात उभ्या होत्या, म्हणून तर एवढ्या वाचल्या."

ताई वैतागल्या. तो दिवस त्यांच्या चांगला लक्षात होता. त्यांची स्वतःची संकष्टी होती, साबुदाण्याची खिचडी तशीच टाकून त्या इथे धावत आल्या होत्या. "ओझाजी, ती पौषातली संकष्टी. पौष वद्य चतुर्थी."

"तुमच्याकडे पौष," ओझा म्हणाले. "आमच्याकडे माघ. तुमचा महिना अमावास्येला संपतो, आमचा पौर्णिमेला. पौर्णिमा झाली की आमचा पुढचा महिना लागला. शुक्लपक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच, कृष्णपक्षात आमचं नाव एक पाऊल पुढे. पुण्यात आलो तेव्हा पहिल्या वर्षी माझी जन्माष्टमी अशीच हुकली होती. कॅलेंडरवर भाद्रपद शोधत बसलो आणि तुम्ही लोकांनी ती श्रावणातच उरकली."

ते हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी उठून पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं, आणि न पिताच परत लावलं.

ओझांना कळेना, बाईंना झालं काय. त्यांनी दोनदा विचारलं, पण ताई संगणकापाशी जाऊन बसल्या होत्या. सव्वीस वर्षांच्या असताना त्यांनी एका दुपारी काळजुळणीची एक तक्ती लिहिली होती. जुन्या कागदांतल्या तिथ्या इंग्रजी तारखांत बदलायची ती तक्ती. पुढे तीच कागद वाचणाऱ्या यंत्राला दिली गेली आणि यंत्रानं तिच्या आधारे चाळीस हजार कागद वाचले. त्यात काशीला जाऊन राहिलेल्या मराठी शास्त्र्यांची, वकिलांची, यात्रेकरूंची मोडी पत्रं होती, तशीच तिकडच्या मठांच्या आणि देवळांच्या पोथ्यांतली टिपणंही. तक्तीची चौदावी ओळ समोर आली. त्यांच्याच हाताची, त्यांच्याच घोटीव अक्षरांत: ‘बदी म्हणजे वद्य.’

कृष्णपक्षाला तिकडे बदी म्हणतात, आपल्याकडे वद्य; शब्द म्हणून ते बरोबरच होतं. पक्ष तोच होता. महिना तोच नव्हता. आणि हे विचारावं असं सव्वीस वर्षांच्या त्या मुलीच्या मनातही आलं नव्हतं, कारण तिनं जन्मल्यापासून भिंतीवर जे कॅलेंडर पाहिलं त्यात महिना अमावास्येलाच संपत होता. तो दुसरीकडे कुठे संपू शकतो, ही शंका तरी कशी यावी?

त्यांनी सहाही जोड्या काढल्या. प्रत्येक जोडीतला पहिला धक्का मराठी पत्रातला होता आणि दुसरा तिकडच्या पोथीतला. एकाही माणसानं दोन्ही धक्के लिहिले नव्हते. याचं कारण प्रबंधात त्यांनीच दिलं होतं, की पहिल्या धक्क्यानंतर मराठी मंडळी भिऊन गाव सोडत असावीत. एका पत्रात होतं, पौष वद्य नवमीस प्रहर दिवस चढता भूमिकंप जाहला, देवालयाचा कळस पडिला. पोथीत होतं, माघ बदी नवमी, प्रहर दिवस चढल्यावर, त्याच देवळाचा कळस पडला. त्याखाली तरुण कुमुद पणशीकरांची तळटीप होती: ‘मधल्या महिन्यात कळस तातडीनं पुन्हा बसवला असावा.’

तळटीप वाचून ताईंना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. एकच भूकंप, दोन पंचांगं, आणि त्यातून एक जगप्रसिद्ध नियम. शुक्लपक्षात दोन्ही पंचांगांचा महिना एक, म्हणून तिथे जोडीदार नव्हता. चंद्राचा संबंध होता, पण तो खडकाशी नव्हता, माणसांच्या मोजण्याशी होता. आणि त्या मोजण्यापायी एकशे चार माणसं गारठून मेली होती.

त्यांनी ओझांना सगळं दाखवलं. ओझांनी पडद्यावरच्या दोन्ही तिथ्या बोटानं जुळवून पाहिल्या. मग म्हणाले, म्हणजे दुसरा धक्का येणारच नाही, लोकांना घरी जाऊ दे, आत्ताच्या आत्ता कळवा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विमलाची सासू त्या एकशे चारांत होती.

ताईंनी फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"ओझाजी, तुमच्या ताणाचं काय?"

"कोणता ताण?"

"तुम्हीच सिद्ध केलंत ना, की चारशे वर्षांत पट्ट्यात जेवढा ताण साठला, तेवढाच, जोडीदार धरून, सतरा धक्क्यांत सुटला? म्हणून आपण शारदा पट्टा मोकळा झालाय असं जाहीर केलं. सतरांपैकी सहा धक्के झालेच नाहीत. त्यांनी सोडलेला ताण कुठे गेला?"

ओझांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते खडकांचे माणूस, त्यांना आकडे मांडायची गरज नव्हती. कुठेही गेला नव्हता. तो अजून जमिनीत होता, सहा मोठ्या भूकंपांएवढा, आवळलेलाच. शारदानगरच्या धक्क्यानं त्यातला थोडा सुटला असेल, फार तर. उरलेला एकदम सुटू शकतो किंवा तुकड्यातुकड्यानं, उद्या किंवा चाळीस वर्षांनी. त्याला तिथी नव्हती.

संचालक बोकील खाली आले तेव्हा दोन वाजले होते. माणूस वाईट नव्हता, पण दर दोन तासांनी दिल्लीला उत्तर देऊन पिचलेला होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. नियम चुकला हे मान्य करायला ते लगेच तयार झाले. लोकांना घरी जाऊ द्यायचं म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखंच झालं. गाडी अडली ती दुसऱ्या गोष्टीवर. पट्ट्यात तीन कोटी लोक राहतात. मोठा धक्का येणार पण केव्हा ते माहीत नाही, असं सांगून त्या तीन कोटींनी करायचं काय? तारीख नसलेली सूचना ही सूचनाच नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

ताईंचा आवाज चढला नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती. त्या म्हणाल्या, "बोकील, शारदानगरातल्या निम्म्या घरांना भेगा आहेत. लोक त्याच घरांत जाऊन झोपतील. माझ्या आईला तारीख देणारं कोणी नव्हतं, पण तिनं भेग पडलेल्या घरात मला झोपवलं नाही. एवढं तरी त्यांना कळू द्या."

बोकिलांनी कपाळ चोळलं. शेवटी दोन वाक्यांवर तडजोड झाली. पहिलं वाक्य: दुसरा धक्का येणार हे आमचं अनुमान चुकीचं होतं, तंबू सोडून परतायला हरकत नाही. दुसरं वाक्य: मात्र या पट्ट्यात पूर्वी मानला त्याहून पुष्कळ जास्त ताण शिल्लक आहे, मोठा धक्का केव्हाही बसू शकतो, म्हणून भेग पडलेल्या घरात कोणीही राहू नये, ती पाडून बांधावीत. कोणतं आधी ठेवायचं, असं ओझांनी विचारलं. ताईंना सकाळचा आकडा आठवला. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला आधी सुटकेची बातमी द्यावी, असं त्यांना वाटलं. चूक माझी होती, असं तिसरं वाक्यही त्यांनी लिहिलं होतं. बोकिलांनी ते काढलं. चूक कोणाची हे लोकांनी आज ऐकून काय करायचं, म्हणाले. ताईंनी वाद घातला नाही, निवृत्तीच्या अर्जाशेजारी ते वेगळ्या कागदावर लिहून सही केली.

तीन वाजता पत्रक गेलं. चारला विमलाचा फोन आला. ओझांनी आवाज मोठा केला, म्हणजे ताईंनाही ऐकू यावं. मागे अजिबात गलबला नव्हता, आणि ते ओझांना विचित्र वाटलं. तेरा दिवस तिचा फोन आला की मागे पोरांची रडारड, भांड्यांचे आवाज, खोकला, काहीतरी असायचंच.

विमलानं विचारलं, दुसरं वाक्य परत वाचू का? ओझा म्हणाले, परत म्हणजे? पहिल्यांदा वाचलं नाहीस?

वाचलं, ती म्हणाली. पण पहिलं वाक्य संपलं आणि लोक उठले. कोणी रडत होतं, कोणी माझ्या पाया पडत होतं. पोरं, गोधड्या, शेळ्या, जे हाताला लागलं ते घेऊन सगळे गावाकडे पळत सुटले. मी वाचतच होते, भय्या. दुसरं वाक्य संपेपर्यंत माळावर कोणी उरलंच नव्हतं. आता धुक्यातून गावातल्या धुराचा वास येतोय, घराघरात चुली पेटल्यात. उद्या मी एकेका दारात जाऊन सांगेन. पण तेरा दिवसांनी चुलीपाशी बसलेल्या माणसाला परत बाहेर ये म्हणायचं, तर माझं कोण ऐकणार?

ताईंनी डोळे मिटले. बरं झालं असतं, उलट क्रमानं लिहिलं असतं तर. एवढं साधं होतं ते.

"एकानंही ऐकलं नाही?" त्यांनी विचारलं.

एकानं ऐकलं, विमला म्हणाली. आमच्या शाळेतले जुने मास्तर, भूकंपात पाय मोडलाय, प्लास्टरमध्ये आहेत. त्यांची बाज उचलायला मुलं परत यायची होती, म्हणून एकटेच मागे राहिले होते. त्यांनी दोन्ही वाक्यं नीट ऐकून घेतली.

"काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, मग मोठा धक्का कोणत्या महिन्यात?"