मधली सीट काढली तेव्हा

माझ्या गाडीच्या मागच्या दारातून दोन पाय बाहेर आले होते.

पाय गड्याचे. टाचा घासून धुतलेल्या, नखं कापलेली. मी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याकडं गेले होते कोंबड्यांची अंडी काढायला. माझे मालक वारल्यापासून त्यांची जुनी सुमो शेतातल्या त्या पत्र्याखाली उभी होती, आणि माझ्या कोंबड्यांना ती लय मानवली होती. तर हातात दुरडी, आणि समोर हे पाय. मेलेलं माणूस म्हणावं, तर अंगठा हलत होता.

मी तळव्याला काठी लावली.

“कोण हाय?”

आत काहीतरी दाणकन आपटलं. मग पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस डोकं चोळत उठून बसला. केसात कोंबडीचं पीस.

“लांबी बघायलो होतो, बाई,” तो म्हणाला. “मी मावतो का न्हाई ते.”

“मग, मावला का?”

“गुडघ्यापस्तोर.”

आता अशा माणसाला काय म्हणावं? राणीसावरगावात माझ्यापुढं आवाज चढवणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे. चौथीत शाळा सुटली माझी, पण माझ्या जिभेला शाळा लागत नाही. मी त्याला सोलून काढायला तोंड उघडलं, आणि… हसू आलं. का आलं, ते अजून मला कळलेलं नाही.

नाव ईश्वरअप्पा. गंगाखेडला एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मूळ गाव चारठाणा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लातूरकडं दिलेली. माझा मुलगा श्रीशैल परभणीत बियाण्याचं दुकान चालवतो, त्यानं मला न विचारता गाडी विकायची आहे म्हणून चारचौघांत सांगून ठेवलं होतं. ते ऐकून हे आले होते. आतलं सगळं काढून पलंग करायचा, शेगडी बसवायची, पाण्याची टाकी लावायची, आणि हिंडायचं. गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं.

मी विचारलं, जन्मभर गाडी चालवून हौस फिटली नाही का तुमची?

ते चपला घालता घालता थांबले. “चालवली, बाई. पण थांबलो कुठं? कंडक्टरनं एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. एखादं तळं दिसायचं, बगळे बसलेले असायचे… जिथं मला थांबावं वाटलं, तिथं कधी कुणी बेल दिली न्हाई.”

गाडी विकायची नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. घासाघीस नाही, विनवणी नाही. सरळ आपल्या फटफटीकडं निघाले. आणि त्यांच्या पाठीकडं बघून मी — भाजीवाल्याला वेशीतून परत पाठवणारी मी — म्हणाले, “विकायची न्हाई म्हणलं. तिच्यात पलंग-शेगडी करू नका असं कुठं म्हणलं?”

असं ठरलं. गाडी माझी, हात त्यांचे, आणि काम माझ्या डोळ्यांपुढं. संध्याकाळी पीठ मळताना मी स्वतःलाच विचारलं, नीलम्मा, हे काय करून बसलीस? भाकरी तेवढी करपली.

मग ते रोज यायला लागले. आल्यावर आधी “शरणार्थ” म्हणायचे, मग बाह्या वर करून कामाला लागायचे. उन्हात पत्रा तापू नये म्हणून छताला आतून जाड थर द्यायचा होता. त्यांनी थर्माकोल आणला, मी म्हणाले त्याखाली माझी जुनी वाकळ घाला. खिडक्यांना पडदे हवे होते, तर मी पेटीतून इरकली लुगडं काढून दिलं. दिलं आणि घरी येऊन बसले विचार करत. चांगलं लुगडं, कुठं विरलेलं नाही, नेसायचं सोडून मी परक्या माणसाच्या खिडकीला का दिलं?

एकदा ते मापाची फीत घेऊन आले आणि विचारलं, तुमची काटवट केवढी आहे. भाकरी थापायची माझी काटवट सागवानी, सासूच्या हातची, दोन्ही हातांनी उचलावी लागते. मी म्हणाले, तुमाला कशाला पंचाईत? ते म्हणाले, उगंच. आणि मापून गेले.

अजून एक सवय होती त्यांची. मी त्यांच्या शेजारी उभी राहून बोलत असले, तरी ते माझ्याकडं बघायचे नाहीत. बोलता बोलता नजर जायची पुढं, काचेवरच्या त्या लहान आरशाकडं. त्यात मी दिसले की मग बोलायचे.

“माझं तोंड हिकडं हाय, अप्पा.”

कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. “सवय हो.”

शेजारच्या कमलबाईला हे सगळं दिसत होतंच. तिला भिंतीपलीकडचंही दिसतं. म्हणाली, “अक्का, आजकाल तुमी चुलीपुढं कमी अन् पत्र्याखाली जास्त दिसायलाव.” मी म्हणाले, माझी गाडी आहे, माझा पत्रा आहे, तुझं काय जातंय? ती म्हणाली, माझं काही जात नाही, तुमचंच काहीतरी गेलेलं दिसतंय. मी दुरडी उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत आखाड्याकडं निघाले.

आणि मग एका सकाळी मी आखाड्यावर गेले, तर लिंबाखाली सीट.

सगळ्या. पाठीमागची समोरासमोरची बाकडी, आणि मधली लांब सीट. मधल्या सीटवर माझी तांबडी कोंबडी ऐसपैस बसलेली.

ती मधली सीट माझी होती. गाडी घेतली तेव्हा पुढं, मालकांच्या शेजारी, मामंजी बसायचे. मामंजी गेले, मग गावातलं कुणी मोठं माणूस. मग श्रीशैलला मिसरूड फुटलं आणि ती जागा त्याची झाली. मी मधल्या सीटवर, मालकांच्या पाठीमागं. मी लय गावं बघितली, पण सगळी मालकांच्या मानेच्या आजूबाजूनं. कुणी मला तिथं बस म्हणून सांगितलं नव्हतं. बाई मागंच बसते, एवढंच. आणि आता तीही जागा लिंबाखाली.

म्हणजे मला न्यायचा विचार नाही अप्पांचा. हा विचार आला आणि मी दचकले. न्यायचं म्हणजे? मला कुठं जायचं होतं? मी कधी म्हणाले होते येते म्हणून? पण मी कोंबडीला त्या सीटवरून हाकललं.

ईश्वरअप्पा काहीतरी सांगायला पुढं आले. मी ऐकून घेतलं नाही. आत डोकावले, तर पलंग तयार. मी वितीनं रुंदी मापली. एका माणसाला लय झाली. कमलबाई माझ्या मागोमाग आलेलीच होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या कानात म्हणाली, हे दोघांचं काम आहे, अक्का. चारठाण्याकडं कुणी असंल.

मी आखाड्यावर जायची बंद झाले. दोघांचं असेल तर असू दे. माझं काय? पण मग लुगडं का घेतलं माझं? अन् असं असेल तर माझ्याशी बोलताना कान का लाल होतात? रोज सकाळी माझ्या फाटकाला दुरडी टांगलेली असायची, भुश्यात नीट मांडलेली अंडी. माझ्याच कोंबड्यांची माझीच अंडी मलाच आणून द्यायचे, आणि हाक न मारता जायचे. राग करावा की खावी, ते सुद्धा मला ठरवता येईना.

शेवटी एकदा त्यांनी हाक मारली. फाटकाबाहेरूनच. छताला हवेसाठी झरोका कापला आहे, म्हणाले, तो गळतो का ते बघायचं. पाणी मारायला एक माणूस बाहेर लागतं, बघायला एक आत.

“मी एकाच टायमाला दोन्हीकडं कसा असणार, नीलम्मा?”

पहिल्यांदा नाव घेतलं. मी पायात चपला कधी घातल्या, कळलं नाही.

पाऊस नव्हता. आभाळ कोरडं ठाक होतं, बाजूला ज्वारी पोटरीत आलेली, कणीस अजून पानातच. पण त्यांनी विहिरीची मोटार चालू केली, पाइप छतावर धरला, आणि आत मी एकटी पलंगावर आडवी पडून छताकडं बघायला लागले, तर बाहेर नुसता धो धो पाऊस. पत्र्यावर ताड ताड. नव्या प्लायवूडचा वास, ओल्या धुळीचा वास. लुगड्याच्या पडद्यातून हिरवा-तांबडा उजेड. काचेवरून पाणी ओघळायचं, त्यात त्यांचा चेहरा विरघळायचा, आणि परत जुळून यायचा… विरघळायचा, जुळायचा. मी छताकडं बघायचं सोडून तेच बघत बसले होते. तेवढ्यात कपाळावर टप्पकन एक थेंब पडला. नेमका इबितीच्या भस्मावर.

मी उठून दार उघडलं.

“कोण हाय ती?”

त्यांना पाण्यात ऐकू आलं नाही. पाइप घेऊनच दाराशी आले. “काय?”

“जिच्यासाठी एवढा रुंद पलंग केलाव, ती कोण?”

पाणी त्यांच्या पायावर पडत होतं. चपला भिजल्या, विजारीचे पाय भिजले.

“काटवट कुणाची मापली मी?” ते म्हणाले.

मी लिंबाकडं बोट दाखवलं. “मग माझी सीट का काढली?”

त्यांनी सवयीनं आरसा शोधला. आरसा लांब, पुढं काचेवर. दारात मी. मग त्यांना माझ्याकडं बघावंच लागलं… सरळ. तपकिरी डोळे होते त्यांचे. इतक्या दिवसांत मला ते ठाऊक नव्हतं.

“मागं बसलेलं माणूस ड्रायव्हरला आरशातच दिसतं,” ते म्हणाले. “मी सगळी माणसं तशीच बघितली. आमची मंडळी पण. दवाखान्यात शेवटचं नेलं, तवा बी ती मागं अन् मी पुढं… आरशातच बघत होतो. तुमाला तसं बघायचं न्हाई मला. मागं जागाच ठेवली न्हाई. आता दोनच सीटा हाईत.”

आमच्या धर्मात बाईला दुसरं घर करायला मनाई नाही, असं मठातले स्वामी सांगतात. पण सांगणारे स्वामी, आणि राहायचं गावात. माझ्या डोक्यात मालक आले, श्रीशैल आला, कमलबाईचा पदर आला. सगळे एकदम आले आणि एकमेकांत गुंतून बसले. काही सुटेना. सुटलं ते एकच.

“आधी पाणी बंद करा,” मी म्हणाले. “आन् वर एक थेंब गळायलाय. तेवढा बुजवून घ्या. मला गळकं घर चालत न्हाई.”

ते बघतच राहिले. पाणी काही बंद केलं नाही.

“आन् चोरून केलेलं बी चालत न्हाई,” मी म्हणाले. “आधी मठात जायचं. स्वामींपुढं.”

श्रीशैलला मी फोनवर सांगितलं. त्यानं पलीकडं दुकानाचं शटर खाली ओढलं. मग म्हणाला, “आई, मी फक्त गाडी विकायला लावली होती.”

“म्हणून सांगते, मला इचारल्याबिगर काही इकू नये.”

सोमवारी सकाळी गाडी माझ्या दारात उभी राहिली. धुतलेली, खिडक्यांना इरकली काठ, मागच्या दाराला घडीची फळी, तिच्यावर काटवट नेमकी बसलेली. गंगाखेडच्या मठात स्वामी वाट बघणार होते, तिथून पुढं चारठाणा, तिथली जुनी देवळं. गल्लीतली दारं सगळी उघडी. कमलबाई तर ओट्यावर पाटच टाकून बसली होती. श्रीशैल फटफटीवर आला होता. तोंड गोंधळलेलं, पण आला होता. त्यानं पाण्याचे कॅन आत ठेवले, हात पुसले, आणि जन्माची सवय, पुढचं डावं दार उघडून एक पाय आत टाकला.

आणि मी? मीही सवयीनं मधल्या दाराला हात घातला होता. दार उघडलं. आत पलंग. बसायला जागा नाही.

सगळी गल्ली बघत होती. ईश्वरअप्पा समोर बघत होते. आरसा त्यांनी छताकडं फिरवून ठेवला होता. एक शब्द बोलले नाहीत. हे मलाच बोलायचं होतं, हे मला तेव्हा कळलं… एवढ्या दिवसांत कळलेली ती पहिलीच गोष्ट.

“श्रीशैल, उतर. ती जागा माझी हाय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. लहानपणी पाढा चुकला की बघायचा तसं. मग पाय खाली घेतला.

“मी कुठं बसू?”

“फटफटीवर. ये मागून.”

पायरी उंच होती. त्यानं हात पुढं केला, मी धरला आणि चढले. समोर नुसती काच. मान नाही, टोपी नाही, कुणाचं डोकं नाही. सगळा रस्ता माझ्या मांडीवर ओतल्यासारखा.

गाडी हलेना. “कशाची वाट बघायलाव?” मी विचारलं.

“बेलची.”

मी बोटं वळून छतावर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली. कमलबाई मागून काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. बरंच झालं.

गंगाखेडच्या वाटेवर एक पाझर तलाव लागतो. मी कितीदा तिथून गेले असेन, कधी दिसला नव्हता. काठाला बगळे बसले होते, पांढरे, गप्प. ईश्वरअप्पांची नजर तिकडं गेली. गाडीचा वेग तेवढा जरा मंद झाला, आणि परत वाढायला लागला. जन्मभराची सवय.

मी छतावर टकटक केलं. एकदाच.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी तलावाच्या काठाला उभी राहिली. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. मी पण नजर खाली घेतली नाही.

मागून फटफटी येऊन थांबली. श्रीशैल घाबरा होऊन खिडकीशी आला. “आई, काय झालं? गाडी बिघडली का?”

“न्हाई रे,” मी म्हणाले. “थांबलीय नुसती.”