नव्वदाव्या दिवसाचं भाकीत

नाशिकच्या वर्तनगणित प्रयोगशाळेत चाचणीच्या नव्वदाव्या, शेवटच्या दिवशी सकाळी फलकावर दोन नावं लागली आणि डॉ. मैथिली उपळेकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ओर्लांडला जायची जागा एकच, पात्रतेची रेषा सत्त्याण्णवची. रेवती गावित रेषेच्या वर होती. मैथिलीबाई केसभर खाली होत्या. ज्या पोरीला त्यांनी हाताला धरून संशोधन शिकवलं, तीच आता त्यांच्या डोक्यावर मिरी वाटत होती.

ओर्लांड म्हणजे उत्तर समुद्रातला चिमुकला देश. अकरा वर्षांत तिथे रस्त्यावर एकही माणूस मेला नव्हता, दारांना कुलपं नव्हती, आणि हवा अशी की दम्याचे रोगी पंप कुठे ठेवला तेच विसरत. मैथिलीबाई दोनदा अतिदक्षता विभागातून घरी आल्या होत्या. तिसऱ्यांदा येऊ, याची त्यांना खात्री नव्हती.

"मॅडम, तिथे खरंच कशाला बंदी नाही?" रेवतीने चहाचा कप पुढे करत विचारलं.

"कशालाही नाही. फक्त तू काय करणार हे वर्तनवेधकाला आधी कळलं पाहिजे." बाईंनी मनगटावरचा पट्टा दाखवला. "हा रोज पहाटे आपल्या दिवसाचं भाकीत लिहून मोहोरबंद करतो आणि संध्याकाळी पडताळतो. भाकितं जितकी खरी, तितका भाकितांक मोठा. कोण कधी रस्त्यात उतरणार हे गाडीला ठाऊक असलं, की अपघात होईलच कसा?"

"म्हणजे मोकळीक आहे, पण अचानक काही करायची सोय नाही."

"इथे सगळं अचानकच होतं गं. ट्रक अचानक वळतो, मी अचानक गुदमरते. त्या मोकळिकीचं काय लोणचं घालायचंय?"

"खरंय. मॅडम, तुम्हीच जायला हवं होतं," रेवती म्हणाली.

बोलायला हिचं काय जातंय, बाईंना वाटलं. त्यांनी चहा तसाच ठेवला, खोलीत जाऊन दार लावलं आणि परीक्षकांना निनावी पत्र लिहिलं: नाइलाजाने कळवावे लागते की रेवती गावित ठरवून रोज एकसारखी वागते, तिचा भाकितांक बनावट आहे. हे धादांत खोटं होतं. आयुष्यात असलं काही त्यांनी केलं नव्हतं, त्यामुळे आजचं आपलं भाकीत चुकणार आणि अंक आणखी घसरणार, हेही त्यांनी जोखलं. घसरू दे. मला नाही, तर तिलाही नाही!

संध्याकाळी ओर्लांडचे परीक्षक ताबोर यांनी त्यांना बोलावलं. ते पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलत.

"रेवतीबाई अपात्र ठरल्या," ते म्हणाले.

बाईंनी साळसूदपणे विचारलं, "तक्रार आली वाटतं?"

"तक्रारीने नव्हे. त्यांनी दुपारी अर्ज दिला. स्वतःची जागा सोडली आणि ती तुम्हाला द्यावी अशी विनंती केली. यंत्राला याची पुसटशीही कल्पना नव्हती. विनंत्यांवर आम्ही जागा देत नाही. परंतु तुम्ही पात्र ठरलात."

"मी? कशी?"

ताबोर यांनी पहाटेचं मोहोरबंद भाकीत फोडून पुढे ठेवलं. 'दुपारच्या आत सहकारिणीविरुद्ध निनावी तक्रार करतील. ती खोटी असेल. पहिला शब्द: नाइलाजाने.'

"एकही ओळ चुकली नाही. त्यानेच तुम्ही रेषेवर आलात."

लाजेने बाईंचे कान तापले. "असल्या बाईला तुम्ही देशात घेणार?"

"हेव्याचे आम्हाला भय नाही. तो नेमका वेळेवर येतो. दयेचा मात्र भरवसा नसतो."

"आणि मी आता नको म्हटलं तर?"

"तर अपात्र. आपण पूर्ण मोकळ्या आहात."

खिडकीखाली रेवती स्कूटर सुरू करत होती. फाटकापाशी ती थांबली, क्षणभर विचार केला आणि घराच्या उलट दिशेला वळली. बाईंनी तिचा असा हेवा आजवर कधीच केला नव्हता. ओर्लांड, हवा, फलकावरचं नाव, सगळं त्यापुढे फिकं पडलं. नको म्हणावं, त्यांनी ठरवलं. शब्द ओठांवर आला, आणि छातीतली ओळखीची शिट्टी वाजली.

त्यांनी सही करायला पेनासाठी हात पुढे केला. ताबोर यांनी टोपण आधीच काढून ठेवलं होतं.